कण्याच्या दुखापतीनंतर घरचा पलंग



तरणाताठा माणूस आंब्याच्या झाडावरून पडतो, उसाच्या ट्रॉलीवरून कोसळतो किंवा महामार्गावर दुचाकीवरून फेंकला जातो. पाठीच्या कण्याला मार बसून आंतील मज्जारज्जूला इजा पोहोंचते आणि कमरेखालचें, क्वचित् मानेखालचें, सारें शरीर बधिर व निश्चल होतें. मग शस्त्रक्रिया होते, महिना-दोन महिने इस्पितळांत जातात आणि एके दिवशीं डॉक्टर सांगतात, "आतां घरीं न्यायला हरकत नाहीं." त्या दिवशीं घरांत जो पहिला प्रश्न उभा राहतो तो अगदींच साधा असतो : याला निजवायचें कशावर? साधा म्हणूनच तो घाईनें सोडविला जातो. माडीवरची जुनी खाट खालीं उतरवितात, नाहींतर दुकानांत जाऊन जें महाग तें चांगलें असें समजून घेऊन येतात. आजच्या पंधरा मिनिटांत मला या एकाच वस्तूविषयीं, म्हणजे पलंगाविषयीं, बोलावयाचें आहे.

मी वैद्य नव्हे. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील शाळांत मीं जन्मभर मुलांना शिकविलें. निवृत्तीनंतर माझ्या एका भाच्याच्या शुश्रूषेच्या निमित्तानें मला हा विषय विद्यार्थी होऊन शिकावा लागला. मणक्याचा उपचार डॉक्टरांनींच सांगावा; मी सांगणार तें घरच्या माणसानें घरच्या माणसांना सांगावें इतकेंच.

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे, कीं धडधाकट माणसाला कोठेंही झोंप येते याचें कारण तो झोंपेंतही स्वस्थ पडून राहत नाहीं. अंग अवघडलें कीं नकळत कूस बदलतो. मज्जारज्जूला इजा झालेल्याला ही सूचना मिळतच नाहीं. हाड व गादी यांच्यामध्यें कातडी चेंगरली जाते, तेथील रक्तप्रवाह थांबतो, पेशी मरूं लागतात आणि ज्याचें शरीर मरत आहे त्याला त्याची वार्ताही नसते. माकडहाड, बसण्याचीं हाडें, खुब्याचीं टोंकें, घोटे आणि टांचा या शत्रूच्या ठरलेल्या जागा. कांहीं तासांत तेथें लाली येते, ती दुर्लक्षिली तर कातडी फुटते आणि कांहीं आठवड्यांत जखम हाडापर्यंत जाऊं शकते. ती भरून यायला महिने लागतात; तेवढे महिने खुर्चीवर बसणें बंद, नोकरी-व्यवसाय बंद, आणि तिच्यांतून जंतुदोष रक्तांत गेला तर जीवही जातो.

प्राचीन इजिप्तच्या वैद्यांनीं सुमारें ३६०० वर्षांपूर्वींच्या एका हस्तलिखितांत अशा दुखापतीचें वर्णन करून ती उपचारापलीकडची म्हणून सोडून दिली होती, आणि जवळजवळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाचें मत त्याहून फारसें निराळें नव्हतें. जर्मनींतून परागंदा व्हावें लागलेले डॉ. लुडविग गटमान यांनीं १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें अशा जखमी सैनिकांचा विभाग हातीं घेतला. त्यांच्या उपायांत चमत्कार असा कांहीं नव्हता. रात्र असो कीं दिवस असो, दर दोन तासांनीं रुग्णाची कूस बदलावयाची, मूत्राशयाची स्वच्छता पाळावयाची आणि शक्य तितक्या लवकर त्याला अंथरुणांतून उठवून कामाला व खेळाला लावावयाचें! १९४८ सालीं, लंडनचे ऑलिंपिक सामने सुरू झाले त्याच दिवशीं, त्यांनीं आपल्या इस्पितळाच्या आवारांत १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. पुढें तिचाच विस्तार होत गेला, आणि त्याच परंपरेंतील १९७२ च्या हायडेलबर्ग येथील सामन्यांत आपल्या सांगली जिल्ह्यांतील पेठ गांवचे मुरलीकांत पेटकर यांनीं ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून सुवर्णपदक मिळविलें. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचें कमरेखालचें शरीर लुळें झालें होतें. २०१८ सालीं त्यांना 'पद्मश्री' मिळाली तेव्हां आमच्या भागांतील किती घरांत त्यांचें नांव प्रथमच ऐकूं आलें असेल, कोण जाणे! शेजारच्या कोल्हापुरांत नसीमा हुरजूक यांनीं वयाच्या सोळाव्या वर्षीं आलेल्या अशाच पंगुत्वानंतर १९८४ सालीं अपंगांसाठीं संस्था उभी केली. हीं उदाहरणें अशासाठीं सांगतों, कीं पलंग निवडतांना आपण कोणासाठीं निवडतों आहों हें नजरेसमोर असावें. पडून राहणाऱ्यासाठीं कीं उठणाऱ्यासाठीं?

माझ्या भाच्याच्या सासुरवाडीच्या मंडळींनीं, प्रेमापोटींच, सागवानी पलंग करून दिला. उशापायथ्याला कोरीव काम, खालीं सामानाचे कप्पे, वर जाड मऊ गादी. पाहणारा थक्क व्हावा असें तें काम होतें. आठ दिवसांनीं मीं त्याला विचारलें, "काय रे, झोंप कशी लागते?" तो म्हणाला, "मामा, पलंग छान आहे, पण मला यावरून उतरतां येत नाहीं." त्याचे हात शाबूत, खांदे बळकट, इस्पितळांतील शिक्षिकेनें त्याला पलंगावरून खुर्चीवर सरकण्याची विद्या शिकविली होती. ती विद्या या पलंगानें निरुपयोगी करून टाकली होती. पलंग खुर्चीहून सहा इंच उंच, खालच्या कप्प्यांमुळें खुर्चीचे पाय ठेवण्याचे पत्रे पलंगाखालीं जाईनात, आणि मऊ गादींत हात रुतून अंग उचलेना. घरांतील दोन माणसें त्याला उचलून ठेवीत. स्नानाला जावयाचें असो, दाराशीं आलेल्या मित्राला भेटावयाचें असो, प्रत्येक वेळीं तो कोणाची तरी वाट पाहत पडून राही.

तेव्हां पहिली गोष्ट उंचीची. रुग्णाला चाकाच्या खुर्चींत, तो नित्य वापरतो त्या उशीसह, बसवावें आणि जमिनीपासून त्याच्या बैठकीची उंची मोजावी. समजा ती २० इंच भरली. पलंगाची फळी अधिक त्याच्या वजनानें दबलेली गादी यांची बेरीज तितकीच व्हावयास हवी. गादी पांच इंचांची असून तो बसल्यावर चार इंच उरत असेल, तर फळी १६ इंचांवर घ्यावी. वरून खालीं सरकणें सोपें आणि खालून वर चढणें कठीण, म्हणून कोणी पलंग थोडा उंच ठेवावा म्हणतात; पण जो उतरला त्याला परत चढावयाचें असतेंच! समपातळी हाच त्यांतल्या त्यांत उत्तम तोडगा. बाजारांतील इस्पितळी कॉट गादीशिवायच वीस इंचांहून उंच असते, कारण ती उभ्या राहून काम करणाऱ्या परिचारिकेच्या सोयीनें बनविलेली असते. तिचीं चाकें काढलीं तर तीन-चार इंच उतरतात. आणखी उतरवावयाची तर लोखंडी कॉटचे पाय कापून देणारा वेल्डर कोणत्याही पेठेंत मिळतो. उलट पलंग बुटका असेल तर पायांखालीं लांकडी ठोकळे द्यावे, मात्र ठोकळ्याला वरून खोलगट खांच पाडून घ्यावी. गुळगुळीत ठोकळ्यावर पलंग ठेवणें म्हणजे सापळा मांडून ठेवणें होय.

यांत एक पेंच आहे. बुटक्या पलंगावर रोज वांकून अंग पुसणाऱ्या, कूस बदलणाऱ्या पत्नीची किंवा आईची कंबर वर्षभरांत मोडते. विजेवर वरखालीं होणारा पलंग परवडत असेल तर हा पेंच सुटतो. परवडत नसेल तर मनाशीं निर्णय करावा : जो स्वतः सरकूं शकतो त्याच्या पलंगाची उंची त्याच्या खुर्चीप्रमाणें, आणि मानेच्या मणक्यांना दुखापत होऊन ज्याचे हातही गेले आहेत त्याच्या पलंगाची उंची शुश्रूषा करणाऱ्याच्या कमरेप्रमाणें ठेवावी. पुष्कळ घरांत याच्या नेमकें उलट झालेलें मीं पाहिलें आहे.

पलंग जागचा हलतां कामा नये. आमच्याच पेठेंतील एक गृहस्थ शहाबादी फरशीवर ठेवलेल्या चाकांच्या कॉटवरून खुर्चींत सरकत असतां कॉट चार बोटें मागें सरली आणि ते दोहोंच्या मधल्या फटींत पडले. कांहीं दुखलें नाहीं, म्हणून कोणी मनावर घेतलें नाहीं. दोन दिवसांनीं मांडी सुजली तेव्हां हाड मोडल्याचें कळलें. बधिर भागांतील हाडें विरळ होतात व थोड्या धक्क्यानें मोडतात. आणि वेदना नसते म्हणून मोडल्याची बातमी उशीरा येते. चाकें असलीं तर चारही चाकांना खटके असावे, नसलीं तर पायांना रबरी बुचें बसवावीं.

पलंगाखालीं पांच-सहा इंच मोकळी जागा असावी. खुर्चीचीं पाऊलपटें आंत जातात आणि उद्यां उचलण्याचें यंत्र आणावें लागलें तर त्याचे पाय तेथूनच आंत जावयाचे असतात. पलंग कोंपऱ्यांत भिंतीला खेटून ठेवण्याची आपली संवय. येथें ती सोडावी. एका बाजूला खुर्ची तिरकी लावून सरकतां येईल इतकी जागा हवी, आणि खुर्ची पुरती वळावयाची तर पांच फुटांचें वर्तुळ लागतें. दुसऱ्या बाजूनें कूस बदलणाऱ्याला निदान उभें राहतां यावें. यासाठीं एखादें कपाट खोलींतून बाहेर काढावें लागलें तर तें काढावें. आणि खोली कोणती? माझें उत्तर आहे, माजघराजवळची. मागच्या अंगणाकडील अडगळीची नव्हे. जेथें स्वयंपाकाचा वास येतो व मुलांचें भांडण ऐकूं येतें तेथें माणूस घरांतला राहतो.

रुंदीविषयीं दुकानदार विचारीतच नाहींत. इस्पितळी कॉट तीन फुटांची असते. दुसऱ्यानें कूस बदलावयाची असेल तर ती बरोबर, कारण हात पोहोंचतो. पण ज्याला स्वतः कूस बदलावयाची त्याला तीन फुटांत लोळायला जागा नाहीं. चार फूट तरी हवे. रुग्ण विवाहित असेल तर आणखी एक गोष्ट, जी घरांतील वडील मंडळी संकोचानें उच्चारीत नाहींत. अरुंद लोखंडी कॉट घरांत आली कीं पतिपत्नींची ताटातूट झाली असें सारें घर गृहीत धरतें. त्या दोघांना कोणी विचारीत नाहीं. त्यांना विचारावें. समान उंचीचे दोन पलंग शेजारीं लावून, एकावर रुग्णाची गादी व दुसऱ्यावर साधी गादी घालून, हा प्रश्न सहज सुटतो.

आतां गादी. येथें पलंगाहूनही जास्त चुका होतात, म्हणून थोडें सविस्तर सांगतों. आपली कापसाची गादी नवी असतांना उत्तम. पण थोड्याच दिवसांत तिच्यांत गोळे होतात, आणि एकदां भिजली कीं आंतून लवकर वाळत नाहीं. काथ्याची गादी पाठदुखीवर कोणी सुचवितात. बधिर अंगाला ती फार कठीण. नवारीची बाज वा झोळ पडलेली खाट तर नकोच. अंग मध्यें गोळा होतें आणि कूस बदलतां येत नाहीं. ज्याला अजून जखम नाहीं व जो स्वतः हालचाल करतो त्याला चांगल्या घट्ट फोमची पांच-सहा इंचांची गादी बहुधा पुरते. ती पुरते कीं नाहीं हें घरींच पाहतां येतें. रुग्ण निजलेला असतां त्याच्या माकडहाडाच्या बरोबर खालीं, गादी व फळी यांच्यामध्यें, आपला तळहात उपडा न ठेवतां उताणा सरकवावा. वर साधारण इंचभर तरी गादी न दबलेली लागली पाहिजे. हाड हातालाच लागलें तर ती गादी निकामी, मग तिची किंमत कांहीं असो.

ज्याला जखम झाली आहे किंवा जो मुळींच हलूं शकत नाहीं त्याला हवेची गादी देतात. तिच्यांतील नळ्या विजेच्या पंपानें आळीपाळीनें फुगतात व ओसरतात, त्यामुळें दाब एके ठिकाणीं राहत नाहीं. सोय मोठी आहे, पण तिचे नियम पाळले पाहिजेत. ती उघड्या फळीवर घालूं नये, खालीं साधी फोमची गादी असावी. कारण आमच्याकडे वीज केव्हां जाईल हें सांगतां येत नाहीं आणि पंप थांबला कीं हलक्या प्रतीची गादी हळूहळू बसते. तिच्यावर एकच पातळ सुती चादर असावी. आमच्या मंडळींना ती गादी उघडी दिसते, मग ते वर गोधडी, तिच्यावर मेणकापड, तिच्यावर चादर घालतात. म्हणजे पैसे देऊन घेतलेला गुण आपणच झांकून टाकला! शिवाय ही गादी आली म्हणून कूस बदलणें बंद करूं नये. पाण्याच्या गादीला वीज लागत नाहीं हें खरें, पण ती जड, डुगडुगती असते आणि तिच्यावर स्वतः उठून बसणें दुरापास्त होतें. रबराची हवा भरलेली कडी बैठकीखालीं देण्याची जुनी चाल अजून दिसते. ती टाकावी, कारण कडीच्या कांठानें भोंवतालचा रक्तप्रवाह दाबला जातो. तसेंच लाल झालेल्या जागेवर तेल चोळूं नये. ती जागा बोटानें दाबून पाहावी. दाबल्यावर पांढुरकी न होतां लालच राहिली तर त्या अंगावर निजणें ताबडतोब बंद. सांवळ्या वर्णावर लाली दिसत नाहीं, तेथें ऊब, टणकपणा व काळसरपणा पाहावा. सकाळ-संध्याकाळ हातांत आरसा घेऊन रुग्णाला स्वतःला हें करतां येतें.

पहिले कांहीं महिने दोन-दोन तासांनीं कूस बदलावी. कातडी सोसते असें दिसलें तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें हें अंतर वाढवितां येतें. अगदीं खुब्यावर उभें निजवूं नये. पाठीमागें उशी देऊन अर्धवट कलतें ठेवावें. पोटरीखालीं उशी द्यावी म्हणजे टांचा अधांतरीं राहतील. दोन गुडघ्यांच्या मध्यें एक उशी. पलंगाइतकाच या उशांचा हिशेब महत्त्वाचा आहे.

हॅण्डल फिरवून उसें वर होणारी कॉट घ्यावी काय? मानेच्या किंवा छातीच्या वरच्या मणक्यांची दुखापत असेल तर अवश्य घ्यावी. अशा रुग्णांना लघवीची नळी दुमडली, पोट तुंबलें किंवा कोठें कांहीं टोंचलें, तरी रक्ताचा दाब एकाएकी चढून डोकें ठणकूं लागतें व घामाच्या धारा लागतात. त्या क्षणीं त्यांना बसतें करून पाय खालीं सोडावे लागतात, कपडे सैल करून नळी तपासावी लागते आणि लगेच डॉक्टरांना बोलवावें लागतें. कॉट दोन हॅण्डलांची असेल तर आधीं गुडघ्याचा भाग थोडा वर करून मग उसें उचलावें, नाहींतर माणूस खालीं घसरतो व माकडहाडावरची कातडी ओढून फाटते. एरव्हीं, जेवण झाल्यावर, उसें तीस अंशांहून वर तासन् तास ठेवूं नये. ज्याचे हात चांगले आहेत त्याला या यंत्राऐवजीं पायथ्याला बांधलेली दोरीची शिडी पुरते. एकेक पायरी धरीत तो उठून बसतो. माझा भाचा तसाच बसतो.

विकत घेण्यापूर्वीं महिनाभर भाड्यानें आणून पाहावें. रुग्णसाहित्य नाममात्र मोबदल्यानें देणारीं केंद्रें आतां पुष्कळ गांवीं निघालीं आहेत. मुंबईस हाजीअली येथें १९५५ पासून आणि जवानांसाठीं खडकी येथें १९७४ पासून अशा रुग्णांच्या पुनर्वसनाचें काम झालें आहे. अशा ठिकाणीं काम केलेले व्यायामतज्ज्ञ भेटले तर त्यांचा अर्ध्या तासाचा सल्ला दहा दुकानदारांच्या सल्ल्याहून मोलाचा.

आतां कांहीं बारीकसारीक, पण ज्यांनीं भोगलें त्यांना बारीक न वाटणाऱ्या गोष्टी. बधिर पायाला मुंग्या रात्रभर चावल्या तरी कळत नाहीं, उंदरानें कुरतडलें तरी कळत नाहीं. पलंगाचे चार पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची आजीबाईंची युक्ति येथें खरीखुरी उपयोगी आहे. चाकाच्या खुर्चीच्या बाजूच्या वाट्या मात्र खोल नसाव्या. अंथरुणांत खाद्यपदार्थाचा कण, पेन, चमचा राहूं देऊं नये. थंडींत गरम पाण्याची पिशवी पायाशीं मुळींच देऊं नये. भाजल्याचें कळणार नाहीं. पायांना एकाएकी झटके येतात त्यांच्यासाठीं कठड्याला कापड गुंडाळावें.

सांगली-मिरजेच्या नदीकांठच्या श्रोत्यांना एक वेगळें सांगणें आहे. २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही सालीं कृष्णेचें पाणी घरांत शिरलेलें आपण पाहिलें आहे. चाकाच्या खुर्चीमुळें रुग्णाची खोली तळमजल्यावरच असते. म्हणून पलंग सुटा होणारा घ्यावा, हवेची गादी गुंडाळून नेतां येईल अशी ठेवावी, आणि पुराचा पहिला इशारा होतांच रुग्णाला कोणी, कशावरून, कोणाच्या घरीं न्यावयाचें हें जूनमध्येंच ठरवून ठेवावें. पाणी उंबऱ्याशीं आल्यावर खांदेकरी शोधतां येत नाहींत.

राहतां राहिली घंटा. रात्रीं दोन वाजतां ज्याला हांक मारावयाची असते तो बहुधा संकोचानें मारीत नाहीं. शेजारीं निजलेली माणसें दिवसभर दमलेलीं आहेत हें त्याला ठाऊक असतें. घंटेचें बटण, दिव्याचें बटण आणि पाण्याची बाटली हीं तिन्ही त्याच्या हाताला, त्यानें कोणतीही कूस घेतली असली तरी, लागतील अशीं असावीं. बटणाची तार लांब घ्यावी आणि पलंगाच्या कांठाला पिनेनें अडकवावी, म्हणजे कूस बदलतांना ती खालीं पडणार नाहीं.